हात न लावायचा काळा रंग

आमच्या गावची माणसं नांदेडला जातात ती दवाखान्याला, नाहीतर गुरुद्वारा बघायला, नाहीतर माहूरच्या देवीकडं निघाली की वाटेत गाडी बदलायला. काळा रंग बघायला कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही. मी गेलो, म्हणून लिहितो. शाळेत चौथीच्या पुढं मी बसलो नाही. लिहिण्यात चूक निघाली तर काढा. रंगात काढू नका.

मी शाळेचे फळे रंगवणारा. औसा, रेणापूर, निलंगा, त्या सगळ्या पट्ट्यात मास्तर बदलले, पोरं बदलली, भिंतीवरचं काळं माझ्याच हाताचं राहिलं. करडीच्या तेलाचा दिवा लावायचा, त्यावर परात पालथी धरायची, जमलेली काजळी खरवडून घ्यायची. तिच्यात कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि सुताराचा सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा तो डिंक, गरम करून कालवायचा. दोनदा लावायचा, वाळू द्यायचा. मग तळहात दाबून फळ्यावरून फिरवायचा. हाताला काळं लागलं तर फळा शाळेला द्यायचा नाही, परत रंगवायचा. हा कायदा माझ्या बापानं घातला आणि मी कधी मोडला नाही.

आता फळे गेले. लातूरच्या क्लासवाल्यांनी आधी पांढरे आणले, मग भिंतीएवढे चमकते पडदे. मी कुणापुढं रडायला गेलो नाही. पण काळा रंग म्हणलं की तालुक्यात माझंच नाव निघतं, हे मला ठाऊक होतं आणि तेवढं मला पुरत होतं.

तर माझी नात अश्विनी. थोरल्या पोराची पोरगी. सगळं शिकून झालं तरी अजून नांदेडच्या एका कॉलेजात शिकून राहिली आहे. तिचा फोन आला.

“आबा, तुमच्यापेक्षा काळा रंग केला मी.”

“माझ्यापेक्षा काळा रंग नसतो.”

“आसतो. येऊन बगा.”

“येतो की. भितो का काय तुला?”

सूनबाई म्हणाली, पोरगी चेष्टा करते, तुम्ही कुठं निघालाव. मी तिचं ऐकलं नाही. हातभर लांबीची फळी घेतली, चांगली घासली, ताजी काजळी पाडून रंगवली, तळहात फिरवून बघितला. जुन्या धोतरात गुंडाळली. पिशवीत सरसाचा डबा टाकला. आणि लातूरच्या स्टँडवर जाऊन नांदेडची गाडी धरली.

वाटेवर

कंडक्टर तिकीट फाडता फाडता माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडं बघत होता.

“मामा, टीव्ही हाय का?”

“फळा हाय.”

“आता ह्या वयात कुणाला शिकवूलालाव?”

“नातीला. डॉक्टरकी करते ती. सुई टोचायची न्हाई, दुसरी.”

गाडी हसली. हसू द्या म्हणलं. अहमदपूरला च्या पिलो, तळलेली मिरची खाल्ली आणि पुढं खिडकीतून तुरी बघत बसलो. सोयाबीन निघून गेलं होतं, रानात तूर एकटी उभी, पिवळ्या फुलावर आलेली. आमच्याकडं ह्या तुरीची डाळ गिरणीत जाते, भुसकट जनावराला जातं आणि वाळलेली काटकं, म्हणजे तुराट्या, चुलीत जातात नाहीतर कुडाच्या भिंतीला. त्यापलीकडं तुराटीचं काही होतं असं मला तोवर माहीत नव्हतं.

लोहा मागं पडलं आणि थोड्या वेळानं गोदावरीचा पूल आला. मी जागेवरून उठून उभा राहिलो. शेजारचा म्हणला, स्टँड अजून लांब हाय. मी म्हणलं, आम्ही लातूरची माणसं, एवढं पाणी बघितलं की बसवत नाही.

नांदेड, पहिला दिवस

अश्विनी स्टँडवर आली होती. पाया पडली. डोळे लाल, हाताची नखं काळी. मला बरं वाटलं. म्हणलं, ही तरी आपल्या हातावर गेली. तिच्या हॉस्टेलात गड्यामाणसाला राहू देत नाहीत, तेव्हा माझा मुक्काम इतवाऱ्यात रशीदभाईकडं होता. रशीदभाई म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणारा माझा जुना दोस्त. पण मला आधी रंग बघायचा होता. पिशवीसकट तिच्या प्रयोगशाळेत गेलो.

वाटेत तिनं सांगून ठेवलं. परवा सकाळी पुण्याहून माणसं येणार. ती दुर्बिणी बनवतात, आभाळातले तारे बघायच्या. दुर्बिणीच्या नळीत आतून काळा रंग लागतो, कारण इकडचा तिकडचा उजेड आत उड्या मारत राहिला की बारका तारा दिसत नाही. ती माणसं हिचं काळं बघणार आणि ठरवणार, हिला पुढं काम करू द्यायचं का नाही.

“आन् न्हाई म्हणले तर?”

“तर आबा, बॅग भरायची आन् लातूरला क्लासमधी शिकवायला जायचं. सरांकडं दुसरा पैसा न्हाई.”

ते बोलताना तिचा आवाज हलला नाही, पण ती वाट सोडून दुसऱ्याच जिन्याकडं वळली आणि परत फिरली.

आत गेल्यावर तिनं पहिल्यांदा माझ्यापुढं टेबलावर एक वस्तू ठेवली. वस्तू म्हणायची पण सोय नव्हती. टेबलाला वाटोळं भोक पडलेलं दिसत होतं.

“आबा, ही वाटी हाय. आपल्या घरातलीच, आमटीची. रंगवलेली. आता सांगा, पालथी हाय का उताणी?”

मी चष्मा पुसला. वाकलो. ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. पोट नाही, कड नाही, चमक नाही. आपला डोळा जातो आणि परत येत नाही, असं कधी मला झालं नव्हतं. पण माघार कोण घेतो?

“उताणी.”

तिनं चिमट्यानं कडेला धरून वाटी उचलली. पालथी होती. खालून स्टील चमकलं.

मी खुर्चीवर बसलो. तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, तुमचा फळा काढा. मी धोतर सोडलं. तिनं माझी फळी भिंतीला टेकवली आणि तिच्याशेजारी तिची पत्र्याची पाटी उभी केली. ही पाटी परवा पुण्याच्या माणसांना दाखवायची होती.

काय सांगू तुम्हाला. माझा फळा राखेसारखा दिसला. म्हैस चिखलात बसून उठली आणि वाळली की जशी दिसते, तसा. आयुष्यभर ज्याला मी काळा म्हणलो ते काळं नव्हतंच. आणि तिची पाटी? तिथं पाटी नव्हती. भिंतीत चौकोनी खिडकी उघडली होती आणि खिडकीपलीकडं काही नव्हतं.

“कशाचं केलं?” मी विचारलं.

“तुराट्या. आपल्याच वावरातल्या. मागच्या साली एसटीत टाकून भारा आणला न्हवता का मी?”

मला वाटलं होतं हॉस्टेलात चूल आहे.

तिनं मला समजावलं. तुराटीचे तुकडे वारा लागू न देता भट्टीत भाजायचे. मग पापडखारासारखा खार घालून परत भाजायचे, म्हणजे कोळशाला आत बारकी बारकी भोकं पडतात, डोळ्याला न दिसणारी. “आबा, आपल्या अंगणातल्या पेवावाणी. तोंड बारकं, पोट मोठं. उजेड तोंडातून आत गेला की आतल्या आत भिताडाला धडकत राहतो, बाहेर येतच न्हाई. ह्या पाटीवर आशी कोट्यानं पेवं हायत.”

हे मला पटलं. जुन्या घराच्या अंगणात ज्वारी साठवायचं पेव होतं. आतून पिवळ्या मातीनं लिंपलेलं. मी स्वतः उतरून लिंपलंय. पण वरून भर दुपारी बघा, तोंड काळं ठिक्कर. पिवळी माती काळी का दिसते, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं आणि स्वतःलाही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या सरांनी दारातून हाक मारली. ती वळली.

आणि माझा हात गेला. मी पाठवला नाही. रंग वाळलेला दिसला की तो जातोच, विचारून जात नाही. पाटीच्या खालच्या अंगाला तळहात दाबला, फिरवणार होतो.

“आबा!”

ती असली ओरडली की सर धावत आत आले. मी हात उचलला. तळहातभर काळं लागलं होतं. आणि पाटीत, त्या काही नसलेल्या खिडकीत, माझा पंजा लटकत होता. करडा, चकचकीत. बोटं, रेषा, अंगठ्याला लहानपणी विळा लागला होता त्याचा वण, सगळं. कुणीतरी पलीकडून काचेला हात लावून उभं असावं, तसं.

“पेवं मोडली आबा,” ती म्हणाली. हळू म्हणाली. “हात लावला की मोडतात.”

“हात लावला की मोडतो त्याला रंग म्हणतात व्हय?” मी म्हणलो. खरं सांगतो, हेच म्हणलो. चुकलं म्हणायला तोंड उघडलं होतं आणि हे बाहेर पडलं.

ती खाली फरशीवर बसली. नवी पाटी करायची तर नवी पूड भाजावी लागणार, आणि तेवढे दिवस नव्हते. बाटलीच्या बुडाशी थोडी उरली होती, ती वाटीएवढ्या पत्र्याला पुरली असती.

“मी बुजवून देतो. फळे बुजवण्यात जल्म गेला माझा.”

“आबा, तुम्ही कशालाच हात लावू नका आता.”

मला असं कुणी बोललं नव्हतं. हेडमास्तर नाही, तहसीलदार नाही.

इतवारा

रशीदभाईच्या घरी खिचडी आणि चिंचेचा खट्टा होता. आमच्याकडं आमटी भाकरीवर ओततात, ह्यांच्याकडं खट्टा खिचडीवर ओततात, वर तीळ. एरवी मी दोनदा मागून घेतो. त्या दिवशी घास फिरत राहिला. रशीदभाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“क्या बा, हात को खाज थी क्या तेरे?”

“बघायचं होतं.”

“देखने को आँखाँ दिये ना अल्ला ने.”

“आमच्यात हातानं बघतात.”

“तुमच्यात!” तो मराठीवर आला. “आरं तुझं आन् माझं सारखंच हाय. पोरानं पाट्या छापायची मशीन आणली, मी तिला बी बोट लावलं. शाई सगळी पसरली. पोरगा महिनाभर बोलला न्हाई. आता मी दुकानात जातो, खुर्चीवर बसतो आन् हात आसे मांडीखाली घालतो.” त्यानं करून दाखवलं. आम्ही दोघं हसलो.

दुसरा दिवस

सकाळी रशीदभाईनं मला गुरुद्वाऱ्यात नेलं. डोकं झाकून पंगतीत बसलो. तिथं रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं करून घ्यायची. माझा उजवा तळहात अजून काळा होता, साबणानं रंग निघाला नव्हता. वाढणाऱ्या सरदारजीनं हाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट रोटी ठेवली. आमच्या गावात असल्या हातावर कुणी वाढलं नसतं, आधी धुऊन ये म्हणले असते. मला कानकोंडं झालं. उठलो आणि रिक्षा करून सरळ प्रयोगशाळा गाठली.

अश्विनी रात्रीची झोपलेली दिसत नव्हती. सर तिला सांगत होते, पाटीच्या खालच्या अर्ध्या भागाला काळी चिकटपट्टी लावू, चौकट आहे म्हणून सांगू, वरचा चांगला भाग तेवढा दाखवू. ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती.

मी दारातूनच म्हणलो, “माझा सरस घाल त्यात. मी फळ्याला सरस घालतो, शंभर पोरं हात फिरवतात, काय होत न्हाई.”

सर म्हणले, “आजोबा, ते वेगळं आहे.”

पण अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. “थांबा सर. करून बगू.”

तिनं बाटलीतली उरलेली पूड काढली. सरस मी माझ्या डोळ्यादेखत तिच्याकडून पातळ करून घेतला, हात लावला नाही. तिनं बारक्या पत्र्यावर तो रंग फवारला आणि वाळवला. दुपारी म्हणाली, “आता फिरवा हात.”

फिरवला. दाबून. हाताला कण लागला नाही. मी सरांकडं बघितलं. छाती फुगली होती माझी, का खोटं बोलू.

“आता इकडं बगा आबा.” तिनं तो पत्रा त्या वाटीशेजारी ठेवला.

पत्रा दिसत होता. चांगला दिसत होता. कड, कोपरा, वरची चमक. माझ्या फळ्याचा सख्खा भाऊ.

“सरसानं पेवं बुजली. तोंडावर दगड ठेवला तुम्ही.”

म्हणजे पूडही गेली. जगात असं काळं आहे की ज्याच्यावर खडू चालत नाही, हात चालत नाही, माझा सरस चालत नाही, आणि ते माझ्याच वावराच्या काटक्यांचं आहे. हे डोक्यात बसायला मला सगळी संध्याकाळ लागली.

तिसरा दिवस

पुण्याहून एक बाई आणि एक साहेब आले. बाईंचे केस पिकलेले, बोलणं तुकड्या तुकड्यानं आणि शुद्ध. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण दार उघडं होतं.

अश्विनीनं पाटीवरचं कापड काढलं. चिकटपट्टी लावलेली नव्हती. आख्खा पंजा तसाच.

बाई एवढंच म्हणाल्या, “हे काय?”

“हात हाय. माझ्या आबांचा.”

साहेब हसले. सरांनी खाली बघितलं. अश्विनी हसली नाही.

“मॅडम, वरचा भाग मोजून बगा, चांगलाच निघंल. पण तुमच्या नळीत बी कधीतरी कुणाचा हात जाणार. पुसायला, बसवायला. मग आसं होणार. आन् हा दुसरा पत्रा, ह्यात सरस हाय. ह्याला हात चालतो, पण हे मग काळं राहत न्हाई. मला ह्या दोन्हीच्या मधलं करायचं हाय. ते मला अजून येत न्हाई.”

येत नाही म्हणून कुणी सांगतं का, तेही परीक्षेला? मी आयुष्यात कुणापुढं हे म्हणलो नाही.

बाईंनी दाराकडं मान वळवली. “ते आबा बाहेर आहेत का? आत या.”

आत गेलो. टोपी नीट केली. वाटलं, आता ऐकून घ्यायचं.

“आजोबा, पुन्हा हात लावा. इथं, वरच्या चांगल्या भागावर. आम्हाला आधीचं आणि नंतरचं मोजायचंय.”

मी हात पाठीमागं घेतला. “न्हाई.”

“काही होणार नाही.”

“कसं होणार न्हाई? बघितलंय की मी काय होतंय. पोरीचं तेवढंच उरलंय.”

“आबा,” अश्विनी म्हणाली, “लावा.”

“तूच म्हणलीस कशालाच हात लावू नका.”

“आता मीच म्हणते लावा.”

इतक्या शाळा, इतके फळे, हात आपला आपण जात आला. त्या दिवशी मनगट डाव्या हातानं धरून पुढं न्यावं लागलं. साहेबांनी एक पेटीसारखं यंत्र पाटीला लावलं होतं. त्याच्या पडद्यावर, किती उजेड परत येतो ते दाखवणारी, एक रेघ जमिनीला चिकटून पडलेली. मी तळहात टेकवला. दाबला. उचलला. साहेबांनी परत मोजलं, तर रेघ उठून उभी राहिली. मग सरसाच्या पत्र्यावर हात लावायला लावला. तिथं रेघ आधीही उभी होती, नंतरही तेवढीच. हललीसुद्धा नाही.

बाईंनी दोन्हीचे आकडे वहीत उतरवून घेतले.

“मधलं किती दिवसांत?”

“दोन वर्षं,” अश्विनी म्हणाली.

“एक.”

“एकात तुराटीचं एकच पीक येतं मॅडम. दोन पिकं बगायला लागतील.”

“सव्वा.”

“दीड. आन् भट्टी दुसरी पाहिजे.”

मी थक्क झालो. आमच्या घराण्यात अडत्यापुढं कुणाला असा भाव करता आला नाही. बाईंनी साहेबांकडं बघितलं, साहेबांनी खांदे उडवले.

“दीड. भट्टीचं बघू.”

“बगू न्हाई मॅडम. आज सांगा.”

सरांनी डोळे मिटले. बाई मात्र पहिल्यांदाच हसल्या. “बरं. भट्टी.”

ती मंडळी जेवायला गेली. मी खोलीच्या मधोमध उभा, काळा हात अंगापासून लांब धरून. मला वाटलं, आता पोरगी येईल, गळ्यात पडेल, आबा तुमच्यामुळं म्हणेल. तसं म्हणली असती तर ते खोटं झालं असतं, पण ऐकायला मला आवडलं असतं.

ती आली ती ओला फडका घेऊन. माझ्या हातात दिला. तोवर तिचं लक्ष कोपऱ्यातल्या तुराट्यांच्या भाऱ्याकडं गेलं होतं. केस बांधत म्हणाली, “आबा, सरका जरा. काम हाय मला.”

हे वाक्य माझं आहे. ज्या ज्या शाळेत गेलो, तिथं फळ्यापुढं गर्दी करणाऱ्या पोरांना मी हेच म्हणत आलो, आणि वर बघायची मला कधी गरज पडली नाही. तिनंही वर बघितलं नाही.

मी बाजूला झालो.